अलार्म ‘ऑफ’ झाला तर तो उठला कसा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गेली वीसेक वर्षं शाळेत इंग्रजी शिकवते. मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गात एक साधं वाक्य भाषांतराला दिलं होतं, ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह अँड ही वोक अप’. निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये एकच उत्तर होतं, ‘पाच वाजता अलार्म बंद झाला आणि तो जागा झाला.’ मी फळ्याकडे वळणार तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, अलार्म बंद झाला तर मग तो उठला कसा? तिनेही वहीत तेच वाक्य लिहिलेलं होतं पण लिहून झाल्यावर ते वाचलं, आणि वाचल्यावर तिला ते खटकलं. बाकीच्यांना नाही खटकलं. अलार्म ‘वेंट ऑफ’ म्हणजे खरं तर वाजला. त्या मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही म्हणून हे पत्र.

आता कोणी म्हणेल की मुलांच्या वहीतली चूक आहे, त्यात पेपरला पत्र लिहिण्यासारखं काय. तर त्याचं असं आहे की हीच चूक मी काही महिन्यांपूर्वी छापील कागदावर बघितली होती. आग लागली तर काय करायचं याच्या सूचनांचं पत्रक होतं, मूळ इंग्रजी, त्याचं मराठी करून घेतलेलं, आणि एका ओळखीच्या बाईंनी मला सहज नजर टाकायला दिलं. तिसरी की चौथी ओळ अशी होती, ‘अलार्म बंद झाल्यावर जिन्याने खाली उतरा, लिफ्टचा वापर करू नका.’ व्याकरण शुद्ध, ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, वाक्य वाचताना कुठेही अडखळायला होत नाही, आणि माणसाचा जीव जाईल इतकं उलटं. हे वाचून ठेवलेला माणूस काय करेल? अलार्म वाजत असेल तोपर्यंत थांबेल, तो बंद व्हायची वाट बघेल आणि मग जिना शोधायला लागेल. मी लगेच फोन केला तर पलीकडून उत्तर आलं की भाषांतर शब्दशः बरोबर आहे, ऑफ म्हणजे बंद. दुसऱ्यांदा फोन करून समजावल्यावर त्यांनी ती ओळ बदलली, पण पहिला गठ्ठा तोवर वाटून झालेला होता. ते कागद कुठे कुठे भिंतीवर लागले असतील कोण जाणे, मला अजूनही त्याची काळजी वाटते.

ही चूक होते कशामुळे याचा मी बराच विचार केला. आपण ‘ऑफ’ हा शब्द मराठीत कधीच घेऊन टाकलाय, पण घेताना त्याचा एकच अर्थ घेतला. लाइट ऑफ कर, फोन ऑफ होता, आज मूड ऑफ आहे. म्हणजे ऑफ आला की बंद किंवा मावळलेलं असंच आपल्या कानाला वाटतं. त्यामुळे इंग्रजी वाक्यात ‘गो ऑफ’ दिसलं की आपण इंग्रजी वाचतच नाही, आपल्या मराठीतला ऑफ तिथे वाचतो. लहान मुलंच काय, इंग्रजीत पदवी घेतलेले लोकही इथे घसरतात, कारण शंकाच येत नाही. अनोळखी शब्द आला तर माणूस डिक्शनरी उघडतो, ओळखीचा वाटणारा शब्द असेल तर कशाला उघडेल.

या ‘गो ऑफ’चंच बघा. अलार्म गेला ऑफ म्हणजे वाजला. पण दिवे गेले ऑफ म्हणजे खरंच गेले, बंद झाले. बॉम्ब ऑफ गेला म्हणजे फुटला, बंदूक ऑफ गेली म्हणजे बार उडाला, दूध ऑफ गेलं म्हणजे नासलं. कार्यक्रम ‘वेंट ऑफ वेल’ असेल तर तो नीट पार पडला. एखादा माणूस नुसता ‘वेंट ऑफ’ असेल तर निघून गेला, दुसऱ्याची वस्तू बरोबर असेल तर घेऊन पळाला. बाळ ‘वेंट ऑफ टु स्लीप’ म्हणजे त्याला झोप लागली. ‘आय वेंट ऑफ हिम’ म्हणजे तो माझ्या मनातून उतरला. आणि अमेरिकन बोलण्यात कोणी कोणावर ‘वेंट ऑफ’ झाला तर त्याने तोंड सोडलं, चांगलं झापलं. दोन शब्द तेच, आणि मराठीत वाजणं, विझणं, फुटणं, नासणं, पार पडणं, निघणं, झोपणं, उतरणं, झापणं अशी वेगवेगळी क्रियापदं लागतात. यातला कुठला अर्थ घ्यायचा ते ‘गो’ पण सांगत नाही आणि ‘ऑफ’ पण सांगत नाही. ते सांगतो कर्ता. अलार्म आहे की दूध आहे की दिवा आहे की माणूस आहे, ते बघितलं की अर्थ बहुतेक वेळा आपोआप समोर येतो. मीटिंगमध्ये कोणाचा फोन ‘ऑफ’ गेला असं वाचलं तर सगळे त्याच्याकडे वळून का बघतायत हे विचारावं, मग कळतं की फोन बंद नाही पडला, वाजला.

हे सगळे अर्थ एकाच जोडीत कसे जमले असं मुलं विचारतात आणि त्यांना उत्तर द्यायला मला फार आवडतं. इंग्रजीत ‘ऑफ’ आणि षष्ठीचं काम करणारा ‘ऑव्ह’ हे मुळात एकच शब्द होते, दोन वेगळे शब्द म्हणून ते सतराव्या शतकाच्या सुमारास पक्के झाले. जुना अर्थ होता दूर, पासून, सुटून. हा ‘सुटून’ हातात आला की गाठ सैल होते. बंदुकीचा चाप ओढला की अडवलेलं काहीतरी सुटतं, आपण पण गोळी सुटली असंच म्हणतो. चावीच्या घड्याळात गजराची स्प्रिंग पिळून अडवून ठेवलेली असते, वेळ झाली की ती सुटते आणि घंटा वाजायला लागते. म्हणजे अलार्मचं ऑफ जाणं हे दिव्याच्या ऑफ होण्यासारखं नाही, ते बंदुकीच्या जातीचं आहे. मी घरातलं जुनं चावीचं घड्याळ वर्गात नेलं होतं, मागची चावी पिळून मुलांच्या हातात दिलं आणि एक मिनिट थांबायला सांगितलं. घंटा झाली तेव्हा ज्याच्या हातात होतं तो दचकला, आणि मग त्यानेच सांगितलं की मॅडम, आत काहीतरी सुटलं. त्यानंतर त्या वर्गात ते वाक्य पुन्हा कोणी चुकलेलं नाही.

दुधाचं आणि मनाचं तर अजून छान आहे. दूध ‘ऑफ’ जातं म्हणजे चांगल्या स्थितीपासून ढळतं, आणि माणूस एखाद्या गोष्टीपासून ‘ऑफ’ जातो म्हणजे तिच्याबद्दलची आवड ढळते. इंग्रजीत नासणं आणि नावड बसणं एकाच शब्दात कसं बसलं याचं आश्चर्य वाटायचं काही कारण नाही कारण आपल्याकडे ‘विटणं’ आहे. शिळं अन्न विटतं, आणि माणसाचं मनही विटतं. मी किती वर्षं हे दोन्ही वेगवेगळं शिकवत होते आणि माझ्या स्वतःच्या भाषेत दोन्ही एका क्रियापदात आहेत हे मला फार उशिरा दिसलं.

आणि हे फक्त आपल्यालाच अवघड जातं असं नाही. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ साली निघाला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी म्हटलंय की क्रियापदाला मागून छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही पद्धत इंग्रजीत फार आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण तिचीच होते. त्यांनी दिलेली उदाहरणं वाचली की कळतं हे अर्थ किती चालते आहेत, त्यांच्या काळात ‘सेट ऑफ’ म्हणजे एखाद्या गोष्टीला शोभा आणणं, आज पहिल्यांदा डोक्यात येतं ते प्रवासाला निघणं किंवा फटाका उडवणं. ‘टेक ऑफ’ला त्यांनी दिलेला अर्थ आहे नक्कल करणं, आज विमान आठवतं, पण नक्कल करणं हा अर्थ अजूनही मेलेला नाही. अशा जोड्यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बऱ्याच नंतर मिळालं, लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकात ते येतं आणि ते त्यांना ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलेलं होतं. त्याच ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनी नुसत्या ‘रन’ या क्रियापदाचे अर्थ मोजले तेव्हा आकडा ६४५ वर गेला, त्यात अर्थातच अशा जोड्यांचा मोठा वाटा आहे. हे पाठ करायचं म्हटलं तर कोणाच्याही आवाक्यातलं नाही, आणि इंग्रज मूलही ते पाठ करत नाही.

आपल्याकडे तर हे फार जुनं ज्ञान आहे. संस्कृत शिकलेल्या कोणालाही तो श्लोक आठवेल, ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’. उपसर्ग लागला की धातूचा अर्थ जबरदस्तीने दुसरीकडे ओढून नेला जातो. एकच ‘हृ’ धातू, प्र लागला की मारणं, आ लागला की खाणं, सं लागला की नाश, वि लागला की हिंडणं-फिरणं. संस्कृतात तो छोटा शब्द पुढे चिकटतो, इंग्रजीत मागे सुटा उभा राहतो, एवढाच काय तो फरक. ज्याला प्रहार आणि आहार यात गोंधळ होत नाही त्याला ‘गिव्ह इन’ (हार मानणं) आणि ‘गिव्ह आउट’ (वाटणं) यात व्हायचं कारण नाही, पण शाळेत संस्कृतच्या तासाला एक शिकवतात आणि इंग्रजीच्या तासाला दुसरं, मधला पूल कोणी बांधत नाही.

संस्कृतपर्यंत जायची पण गरज नाही खरं तर. आपलं रोजचं ‘लागणं’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, वेड लागतं, वेळ लागतो, मूल रडायला लागतं, आणि अमुक माणूस माझा काका लागतो. ‘गाडी लागली’ म्हटलं तर बस येऊन उभी राहिली हा एक अर्थ, आणि प्रवासात मळमळायला लागलं हा दुसरा. आपल्याला यात कधी अडचण आली? नाही, कारण आपण ‘लागणं’ सुटं कधी ऐकलंच नाही, जेव्हा ऐकलं तेव्हा भुकेबरोबर, ठेचेबरोबर, निकालाबरोबर ऐकलं. बाहेरून मराठी शिकायला आलेल्या माणसाला विचारा म्हणजे तो किती रडकुंडीला येतो ते कळेल.

त्याहून जवळचं म्हणजे आपली संयुक्त क्रियापदं. पत्र लिहून टाकलं, लिहून ठेवलं, लिहून दिलं, लिहून घेतलं, लिहून काढलं, आणि रागाच्या भरात लिहून बसला. लिहिणं सगळीकडे तेच, पण टाकलं मध्ये काही टाकलेलं नाही आणि बसला मध्ये कोणी बसलेलं नाही. टाकलं म्हणजे काम उरकलं, बसला म्हणजे करायला नको होतं ते होऊन गेलं. इंग्रजीतला ‘अप’ कितीतरी वेळा नेमकं आपल्या ‘टाक’चं काम करतो. ‘ईट इट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘टेअर इट अप’ म्हणजे फाडून टाक, ‘फिनिश अप’ म्हणजे संपवून टाक. इथे वर कुठे आलं? तसंच ‘रीड ऑन’ म्हणजे वाचत राहा, आणि न बोलायचं ते ‘ब्लर्ट आउट’ केलं म्हणजे बोलून बसला. हे एकदा मुलांना दाखवलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जातो, त्यांना कळतं की ही परकी भानगड नाही, आपण पण दिवसभर हेच करतो.

पण आपण शिकवतो कसं? यादी देतो. डावीकडे ‘गो ऑफ’, उजवीकडे स्वल्पविराम टाकून पाच-सहा अर्थ, तसंच ‘पुट ऑफ’, तसंच ‘टर्न डाउन’, आणि परीक्षेत गाळलेल्या जागा. मुलं ‘पुट ऑफ’ समोर पुढे ढकलणे असं पाठ करतात आणि मग ‘द स्मेल पुट मी ऑफ’ आलं की वासाने मला पुढे ढकललं असं लिहितात, तर तिथे किळस आली किंवा इच्छाच गेली असं पाहिजे. कर्ता वास आहे हे बघायची सवयच लावलेली नसते. शिवाय आपल्या मुलांना ‘पोस्टपोन’ येतं, ‘एक्स्टिंग्विश’ येतं, ‘टॉलरेट’ येतं, कारण पुस्तकी इंग्रजी आपण आधी शिकतो, पण त्याच अर्थांचे ‘पुट ऑफ’ (पुढे ढकलणं), ‘पुट आउट’ (विझवणं), ‘पुट अप विथ’ (सहन करणं) म्हटलं की गडबडतात, आणि इंग्रजी बोलणारी माणसं बहुतेक वेळा याच जोड्या बोलतात. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं, पुढे लॅटिनमधूनही शब्द येत राहिले, त्यामुळे इंग्रजीत एका अर्थाला दोन-दोन शब्द झाले, एक भारदस्त आणि एक घरातला. आपल्याला भारदस्त मिळाला, घरातला राहिला.

मी आता वर्गात यादी बंद केलीय. वहीच्या डाव्या रकान्यात जोडी नाही लिहायची, कोण किंवा काय ते लिहायचं. अलार्म, दूध, दिवे, बॉम्ब, माणूस. मधे इंग्रजी पूर्ण वाक्य आणि उजवीकडे आपण घरी बोलू तसं मराठी वाक्य. अर्थ वेगळा लिहायचाच नाही. आणि शेवटी ते मराठी वाक्य मोठ्याने वाचायचं, कारण खटकलं तर कानाला खटकतं. वेळ जास्त जातो, धडे मागे पडतात, मला त्यावरून बोलणी पण बसली आहेत, पण मी यातून मागे हटणार नाही.

आता पेपरबद्दल. तुमच्याकडे रोज इंग्रजी बातम्यांचं मराठी होतं आणि ते रात्री घाईत होतं याची मला कल्पना आहे. ‘कॉल ऑफ’ घ्या. संप ‘कॉल ऑफ’ झाला तर तो मागे घेतला. शोधमोहीम असेल तर थांबवली. सामना असेल तर रद्द झाला. ठरलेलं लग्न असेल तर मोडलं. अंगावर आलेला कुत्रा असेल तर मालकाने आवरला. पण मी पेपरांमध्ये बघते की सगळ्यालाच ‘रद्द’ लावून मोकळे होतात. ‘संप रद्द’ असं वाचलं की संप सुरूच झाला नाही असं वाटतं, प्रत्यक्षात तो चार दिवस चालून मागे घेतलेला असतो, दोन्हीत केवढा फरक आहे. ‘शोधमोहीम रद्द’ वाचणाऱ्या घरच्या माणसांना काय वाटेल? शोधलंच नाही असं. तिथे थांबवली म्हणायला दोनच अक्षरं जास्त लागतात.

मशीनचं भाषांतर पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलंय, पूर्ण वाक्य दिलं तर अलार्म वाजला असंच येतं बहुतेक वेळा. गोंधळ होतो तो सुट्या तुकड्यांत, ॲपमधलं बटण, सूचनापत्रकातली अर्धी ओळ, जिथे कर्ताच दिलेला नसतो. तिथे माणसाने बघायलाच पाहिजे आणि मशीनने दिलंय म्हणजे बरोबर असेल म्हणून सही करू नये.

माझी विनंती एवढीच आहे की तुमच्या पुरवणीत आठवड्याला एक छोटी चौकट या विषयाला द्या. एका वेळी एकच जोडी, पाच वाक्यं, पाच मराठी वाक्यं, खाली वाचकांनी पाठवलेली त्यांच्या बोलीतली वाक्यं. ‘मनातून उतरला’ला कुठे अजून काय काय म्हणत असतील ते मला पण वाचायला मिळेल. आणि जे कोणी सुरक्षेच्या सूचनांचं मराठी करतात त्यांनी छापायच्या आधी ते मराठी एखाद्या आठवीतल्या मुलीला वाचायला द्यावं, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय छापायला पाठवू नये.

आमच्या वर्गात त्या दिवशी शेवटी जे वाक्य फळ्यावर राहिलं ते त्याच मुलीने सांगितलेलं होतं. तिने ‘वाजला’ पण नाही वापरलं. म्हणाली, आमच्या घरी असं म्हणतात, ‘पाचला अलार्म झाला आणि त्याला जाग आली.’

आपली,
एक शिक्षिका